घाण्याच्या खोलीच्या भिंती

अमळनेरात पुष्कळ लोक मला अजून 'पांढऱ्या खोलीवाली बाई' म्हणतात. मला ते आवडतं. ती खोली पांढरी करायला काय काय करावं लागलं, हे मला आणि आणखी दोघींनाच ठाऊक होतं. त्या दोघी आता राहिल्या नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

मी मूळची धुळ्याची. वडील कचेरीत कारकून, घर देवपुरात. मराठी शाळा संपली तशी वडिलांनी मला सरकारी दवाखान्यात दाईचं शिक्षण घ्यायला घातलं. कुणब्याची मुलगी आणि सुईणीचं काम करणार, म्हणून नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. वडील म्हणाले, "तुमच्या घरी कोणी अडली तर हिला बोलवू नका म्हणजे झालं." त्यानंतर कोणी काही बोललं नाही, निदान आमच्या देखत तरी.

लग्न झालं ते अमळनेरच्या एका मास्तरांशी. त्यांना माझं शिक्षण माहीत होतं. लग्नानंतर मी काम करणार, हेही त्यांनी कबूल केलं होतं. फक्त ही गोष्ट त्यांनी आपल्या आईला सांगितली नव्हती.

त्यांच्या आईला घरात सगळे जिजी म्हणत, मीही म्हणू लागले. जिजी उंच, हाडापेरानं मजबूत. सासरे लवकर गेलेले. शेत, बैल, सालदार सगळं तिनंच सांभाळलेलं. माझ्या ट्रंकेतले पांढरे ॲप्रन आणि कात्री पाहून तिनं आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई काय शे?" मी सांगितलं. तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हाई काम सुइनीनं शे. आपला घरनी सून करी का?"

यजमान मध्ये पडले आणि मी काम करू लागले. पण जिजी माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी बाळंतपण करून आले की मागल्या दारी पाण्याची बादली आणि बदलायचं लुगडं ठेवलेलं असायचं. आंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचं. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पाणी मात्र ती नेहमी गरम करून ठेवी, हे माझ्या लक्षात आलं होतं.

ज्या घरांत मी जात होते तिथं बाळंतिणीला जागा मिळायची ती घरातली सगळ्यांत वाईट. चुलीमागची, बिनखिडकीची, जळमटांनी भरलेली. वर धाब्याच्या छपराची माती, ती सारखी खाली झरायची. एका घरात एक तरुण बाई बाळंत झाली, बाळ चांगलं होतं, आणि ती मात्र ताप भरून गेली. त्या घरातून परत येताना मी ठरवलं की आपल्याला एक खोली पाहिजे. दवाखाना नको, पलंग नकोत. फक्त चार स्वच्छ पांढऱ्या भिंतींची एक खोली, की जिथं गावातली कुठलीही बाई येऊन बाळंत होईल.

खोली दिली अक्कांनी. आमच्या मागल्या गल्लीत त्या राहत. तेल्याच्या घरातल्या. त्यांच्या मालकांचा लाकडी घाणा होता. गावात इंजिनावर चालणाऱ्या तेलगिरण्या आल्या तसा घाणा मंदावला, मालक गेले आणि बंद पडला. मुलगा गिरणीतच कामाला लागला. अक्कांच्या मुलीचं बाळंतपण मी केलं होतं. माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "मनी घाण्यानी खोली रिकामी पडेल शे. ती ले."

खोली मोठी होती, दगडी भिंतींची, वर चुन्याचा गिलावा. घाणा विकून टाकलेला, पण त्याचा खड्डा मधोमध तसाच होता. त्याच्याभोवती बैलाच्या पायांनी झिजलेली गोल वाट. बैल ज्या कोपऱ्यात भिंतीला घासून वळायचा तिथं गिलावा काळा आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. खाली पेंडेचा भुगा, वर जळमटं, आणि सगळीकडे तेलाचा खवट वास.

मी उतावळी होते. केर काढला, बांबूला केरसुणी बांधून जळमटं पाडली आणि दुसऱ्याच दिवशी चुन्याच्या कळ्या भिजवल्या. चुना फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचं पाणी आणि थोडी नीळ घातली, कुंचा घेतला आणि मारायला लागले. यजमानांनी रविवारी वरचा भाग मारून दिला. संध्याकाळी खोली ओली, पांढरी दिसत होती. मला आनंदानं जेवण गेलं नाही.

सकाळी दार उघडलं तर भिंतींवर पिवळे, तपकिरी डाग फुटले होते. खांद्याच्या उंचीपर्यंत चुना धरलाच नव्हता. पापडासारखे पोपडे सुटून खाली पडले होते. बैलाच्या कोपऱ्यात तर भिंत होती तशी काळी. बघायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "तेलन्या भितीले चुना लावस ही! शिकेल शे ना!"

मी घरी येऊन ओसरीवर बसले. रडले नाही, पण रडण्यासारखी झाले होते. जिजी शेतावरून आली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळानं ती परत बाहेर आली ती डोक्यावर चुलीतल्या राखेची पाटी आणि हातात दोन खुरपी घेऊन.

"चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"तठे. तेल पहिले काढानं पडी. मंग चुना."

वाटेत मी तिच्या मागं मागं चालत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "जिजी, तुम्हाला तर हे काम पसंत नाही."

ती थांबली नाही. पुढं बघतच बोलली. "मना दोन पोरं गयात, तुना मालकना पहिले. अंधारमा. काय हुयनं, कसं हुयनं, कोनी माले सांगं नही. माले दखायनं बी नही." मग डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "उजेड पाहिजे. तू खरं बोलस."

एवढंच. या गोष्टीवर ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही दोघी एका कामाच्या झालो.

चैत्र संपत आला होता. खानदेशचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. म्हणून आम्ही सकाळी उजाडताच जायचो आणि ऊन चढलं की थांबायचो. अक्का घरातूनच यायच्या. तिघी तीन भिंतींना लागायचो. आधी बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघायची. जिथं पोकळ आवाज येई तिथला गिलावा खुरप्यानं पाडायचा. जिथं भिंत घट्ट पण तेलकट, तिथं खरवडायचं. खाली पोती अंथरलेली असायची, त्यांवर काळ्या चिकट वड्या पडायच्या. अक्का त्या हातात घेऊन वास घेत आणि सांगत, "हाई तिळनं. हाई भुईमुगनं."

बैलाच्या कोपऱ्याशी आलो तेव्हा मी थबकले. त्या घासलेल्या काळ्या पट्ट्यावर अक्कांचा हात फिरताना मी अनेकदा पाहिला होता. मी म्हटलं, "अक्का, हा तुकडा राहू देऊ का? त्यावर फडकं लावीन."

अक्कांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं. "आठे बाळ व्हई ना? मंग काबर ठेवस?" आणि त्यांनी स्वतः तो कोपरा दगडापर्यंत खरवडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. जिजी त्यांच्याजवळ गेली नाही, समजूतही घातली नाही. फक्त पडणारा चुरा भरून बाहेर नेत राहिली. कोपरा मोकळा झाल्यावर अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आते चहा करस मी." दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, साखर रेशनवर. त्या दिवशी आम्ही गुळाचा चहा प्यालो, आणि इतका गोड चहा मी पुन्हा प्यालेली नाही.

खरवडून झाल्यावर धुणं. राख पाण्यात घालून रात्रभर ठेवायची, वरचं निवळ पाणी काढून उकळायचं आणि गरम असतानाच नारळाच्या काथ्यानं भिंत घासायची. पहिल्या पाण्याला भिंतीवरून तपकिरी ओघळ आले. मग पुन्हा राखेचं पाणी, मग साधं. ओघळ फिके होत गेले. माझ्या हातांची सालं निघाली. जिजीनं तूप लावून दिलं. तिचे स्वतःचेही हात फुटले होते, पण तिला तूप लावू म्हटलं तर म्हणाली, "मना हातले काय हुयनं?"

एकदा आम्ही पोती झटकत बाहेर उभ्या होतो. जिजीच्या भावकीतली एक बाई बाजारातून येत होती. ती थांबली, आमचे मळलेले अवतार पाहून नाक मुरडलं आणि जिजीला म्हणाली, "काय वं, तुनी सून सुईन हुयनी, आते तू बी तिना हातखाले?"

मी मान खाली घातली. जिजीनं पोतं खाली टाकलं, लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मनी सून शे ती. मनी! तिना हातखाले पोरं जगतस. तुना घरमा कोनी अडी गई तं तिलेच बलावशी. आनि ती येई. माले इचारीसन नही, आपलं आपलं येई."

ती बाई पाठ फिरवून निघून गेली. जिजी पुन्हा पोतं झटकू लागली, जणू काही झालंच नव्हतं. मी मात्र त्या दिवशी भिंत घासताना सारखी तिच्याकडे बघत होते. माझं शिक्षण झालं तेव्हा दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर हात ठेवला होता. पण 'मनी सून' हे दोन शब्द मला त्याहून मोठे वाटले, आणि आजही वाटतात.

जिथं दगड उघडा पडला होता तिथं गवंड्याकडून चुना-वाळूचा नवा गिलावा करून घेतला. तो सुकून तडकू नये म्हणून अक्का दिवसातून कितीदा तरी त्यावर पाणी शिंपडत. मधला खड्डा मुरूम घालून चोपला. वरून माती झरते म्हणून जिजीनं आपली दोन जुनी लुगडी उकळून, धुऊन, एकमेकांना शिवली आणि आम्ही ती छताखाली ताणून बांधली. आता भिंती धुतलेल्या, कोरड्या, ठिगळांच्या दिसत होत्या. कुठं राखाडी, कुठं मातकट, कुठं नव्या गिलाव्याचा फिका तुकडा. चुना भिजत घातला होता. दोन-तीन दिवसांत पहिला हात मारायचा होता.

त्यातच एके दिवशी सकाळी बाहेर गाडी थांबली. शेजारच्या मोहल्ल्यातला एक पिंजारी आपल्या बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला होता. तिला मी आधी तपासलेलं होतं. तिचं घर एका खोलीचं, तिथंच कापूस पिंजायचा, हवेत सारखी बूर तरंगायची. खोली तयार झाली की इकडेच ये, असं मीच तिला सांगितलं होतं. पण दिवस अजून बाकी होते. कळा लवकर सुरू झाल्या होत्या.

तिचा नवरा हात जोडून म्हणाला, "बाई, खोली झाली का तुमची?"

मी त्याच्याकडे आणि ठिगळांच्या भिंतींकडे पाहिलं. माझ्या मनात खोली म्हणजे पांढरी. त्याशिवाय ती खोलीच नव्हे. मी म्हणणार होते की, नाही झाली, मी तुझ्या घरी येते. माझे ओठ उघडण्याआधी जिजी बोलली, "हुयनी. आन तिले आत."

"जिजी, अजून चुना..."

"चुना मंग. भीत धुयेल शे, जमीन चोपेल शे, वर कापड शे. आनखी काय पाहिजे?"

आणि खरोखर आणखी काय पाहिजे होतं? मी खोलीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मला ती पहिल्यांदा नीट दिसली. त्या खोलीत तेलाचा वास नव्हता. एक जळमट नव्हतं. आम्ही जे काही केलं होतं ते सगळं झालं होतं. राहिला होता तो फक्त रंग.

अक्कांनी धुतलेली चटई आणि गोधडी अंथरली. पाणी उकळलं, कात्री आणि दोरा उकळला. जिजीला मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." ती म्हणाली, "कंदील कोन धरी?" खिडकी लहान होती, भर सकाळीही आतल्या बाजूला उजेड कमी. जिजीनं हात धुतले. मी धुते तसे, कोपरापर्यंत साबण लावून. ती मला रोज बघत होती हे मला तेव्हा कळलं. मग तिनं कंदील उचलला आणि माझ्या खांद्याशी उभी राहिली.

दुपार चढत गेली. ती मुलगी लहान होती, पहिलटकरीण, पण धीराची. जिजीनं एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात तिचा हात धरला होता. ती मुलगी दाबायची तेव्हा जिजीची बोटं पांढरी पडायची. बाळाचं डोकं आलं आणि मला दिसलं की नाळ गळ्याभोवती आहे. मी जिजीला फक्त म्हटलं, "खाली, आणखी खाली." कंदील खाली आला, अगदी हवा तिथं, आणि हलला नाही. मी नाळेचा वेढा बोटानं सैल करून डोक्यावरून काढला. मुलगा बाहेर आला तो निळसर, गप्प. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या.  मग तो एकदा शिंकल्यासारखा झाला आणि रडला. असा रडला की बाहेरच्या बैलानं मान वळवली असं त्याचा बाप पुढं सगळ्यांना सांगायचा.

मी जिजीकडे बघितलं. तिनं कंदील अजून तसाच धरला होता. चेहरा ओला होता, घामानं की कशानं, सांगता येणार नाही. "सगळं दखायनं," ती म्हणाली. "बठ्ठं. कसं व्हस ते."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर जिजीनं मागल्या दारी दोन बादल्या भरून ठेवल्या. एक तिची, एक माझी. आम्ही दोघींनी अंगावर पाणी घेतलं आणि एकत्र जेवायला बसलो. यजमान म्हणाले, "आज काय झालं?" जिजी म्हणाली, "आम्ही एक पोऱ्या जगाडा." आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला.

बाळंतीण पाच-सहा दिवसांनी घरी गेली आणि मग आम्ही चुना मारला. आधी भिंतीवर पाणी मारून ती ओलसर करायची, मग पातळ हात, तो सुकला की दुसरा, मग तिसरा. चुना मारताना काही दिसत नाही, ओली भिंत मळकटच वाटते. सुकत जाईल तशी ती उजळत जाते. आम्ही तिघी उंबऱ्यावर बसून बघत होतो. आधी वरचा भाग फुलला, मग मधला, आणि शेवटी तो बैलाचा कोपरा, नव्या गिलाव्याचा, सगळ्यांत जास्त पांढरा. एकही डाग फुटला नाही. अक्का म्हणाल्या, "दूध शे जशी." हसणाऱ्या बायकाही पुन्हा येऊन बघून गेल्या. यावेळी कोणी हसलं नाही. त्यांतल्या दोघी पुढं याच खोलीत बाळंत झाल्या.

भावकीतल्या त्या बाईची सून अडली तेव्हा मलाच बोलावणं आलं. मी गेले. जिजी कंदील घेऊन बरोबर आली. तिथं तिनं मागचं काही काढलं नाही; कोपरापर्यंत हात धुतले आणि कंदील धरला.

खोली पुढं कितीतरी वर्षं चालली. दर दिवाळीआधी आम्ही ती रिकामी करायचो, भिंती ठोकून बघायचो, धुवायचो आणि मगच चुना मारायचो. बायका मैलोन्‌मैल चालून, गाड्यांत बसून यायच्या. कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, हे उंबऱ्यात कोणी विचारत नसे. जिजी विचारायची ती फक्त, "पहिलं का?"

देश स्वतंत्र होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. धुळ्याहून एक डॉक्टरीणबाई तालुक्यातली प्रसूतीची सोय बघायला आल्या. त्यांना आमची खोली दाखवली. भिंती न्याहाळत त्यांनी मला विचारलं, "इथं पूर्वी काय होतं?" मी उत्तर देणार तोच जिजी पुढं झाली. आता ती थकली होती, काठी टेकायची. तिनं डॉक्टरीणबाईंचा हात धरला, सरळ भिंतीपाशी नेला आणि त्यांचा तळवा भिंतीवर दाबून घासला. मग हात उलटा करून त्यांना त्यांचाच तळवा दाखवला. चुन्याचा कणसुद्धा लागला नव्हता.

"मनी सूननी खोली शे," जिजी म्हणाली. "तिनी आनि मी करेल शे."